नॉक सेन्सर बदलण्याआधी: टर्बो पेट्रोल गाडीतला बिघाड पायरीपायरीने कसा शोधावा

ओंकारेश्वराहून इंदूरला परतताना बडवाह मागे पडले, की रस्ता नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठाराकडे चढू लागतो. मे महिन्याच्या दुपारी चार माणसे, सामान आणि पूर्ण सुरू असलेला एसी घेऊन भेरूघाट चढणाऱ्या एक लिटरच्या टर्बो इंजिनाची खरी परीक्षा तिथेच होते. जाताना उतार असल्यामुळे काही जाणवत नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची तक्रार नेमकी अशाच परतीच्या प्रवासात सुरू झाली. अर्ध्या घाटात चेक इंजिन लाइट लागला, गाडी ओढेनाशी झाली आणि सिमरोलपर्यंत ती ट्रकच्या मागे रखडत आली. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपने स्कॅनर लावून पी ०३२७ हा कोड वाचला, नवा नॉक सेन्सर बसवला आणि बिल हातात दिले. नवव्या दिवशी तोच लाइट, तोच कोड. सेन्सर पहिल्यापासून ठीक होता. हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडीची, एक प्लास्टिक क्लिप तुटल्यामुळे त्याची वायर कूलंटच्या पाइपाच्या ब्रॅकेटवर घासून उघडी पडली होती, आणि दीड इंच इन्सुलेशन टेप व एका नव्या क्लिपवर काम भागले.

नॉक सेन्सर म्हणजे इंजिनात मिश्रण अवेळी पेटल्याची थरथर टिपणारा सेन्सर. त्याच्या बाबतीत असे वारंवार घडते, कारण कोडच्या वर्णनात त्याचे नाव येते आणि नाव आले, की भाग बदलायचा, अशी सवय पडून गेली आहे. प्रत्यक्षात तीन निरनिराळे प्रश्न विचारायचे असतात. इंजिन खरोखर नॉक करते आहे का? दुसराच कसला तरी आवाज सेन्सरला नॉकसारखा भासतो आहे का? की सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्यातला विजेचा मार्गच बिघडला आहे? तिन्हींची लक्षणे गाडी चालवताना सारखीच वाटतात, म्हणजे पिकअप कमी होतो आणि मायलेज घटते. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत.

सेन्सर नेमके काय ऐकतो

स्पार्क प्लगने ठिणगी टाकल्यावर ज्योत सिलिंडरभर क्रमाने पसरायला हवी. ती पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाब आणि उष्णतेमुळे आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. यालाच नॉकिंग म्हणतात. त्या लाटांची वारंवारता मुख्यतः सिलिंडरच्या व्यासावर ठरते; ७२ ते ७५ मिलिमीटर बोअरच्या लहान इंजिनांत ती साधारण साडेसात ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास येते. ब्लॉकवर बोल्टने आवळलेल्या सेन्सरमध्ये पिझो सिरॅमिकची एक चकती आणि तिच्यावर एक वजन असते. ब्लॉक थरथरला, की वजन चकतीला दाबते आणि चकती काही मिलिव्होल्टांचा संकेत देते.

ईसीयू हा संकेत सतत ऐकत बसत नाही. क्रँकशाफ्टच्या स्थितीवरून कोणत्या सिलिंडरमध्ये ज्वलन सुरू आहे हे त्याला माहीत असते, आणि प्रत्येक ज्वलनानंतरच्या ठराविक अंशांच्या खिडकीतच तो आवाज मोजून नेहमीच्या पार्श्वभूमीच्या आवाजाशी ताडून पाहतो. फरक मर्यादेपलीकडे गेला, की त्या एकाच सिलिंडरचे टायमिंग दोन-तीन अंशांनी मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा टाकतो, आणि मग हळूहळू पूर्ववत करतो. टर्बो गाडीत याशिवाय बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाबही, उतरवला जातो. सेन्सरचा संकेतच विश्वासार्ह राहिला नाही, तर ईसीयू सावध पवित्रा घेऊन सगळ्याच सिलिंडरांचे टायमिंग कायमचे मागे ठेवतो. घाटात गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळे.

टर्बोला हा त्रास अधिक का होतो, हे एका हिशेबाने कळते. बाहेर ४० अंश सेल्सिअस असताना हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर आदर्श परिस्थितीतही तिचे तापमान १०८ अंशांच्या आसपास जाते, आणि टर्बोतल्या कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १३८ अंशांपर्यंत. ही उष्णता कमी करण्याचे काम इंटरकूलरचे. त्यामुळे पुढच्या जाळीत अडकलेली धूळ, पाने आणि किडे हेही नॉकिंगचे कारण ठरू शकतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पहिली पायरी: कोड नीट वाचणे

कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा आणि त्याच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहितीही उतरवून घ्यावी. कोड उमटला तेव्हा आरपीएम किती होते, इंजिनावर भार किती होता, कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान किती होते, हे त्यात नोंदलेले असते. अनेक जण आधी कोड पुसतात आणि मग पुन्हा उमटण्याची वाट पाहतात. असे केल्याने सर्वांत उपयोगी पुरावा हातचा जातो.

पी ०३२५ म्हणजे पहिल्या सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, आणि पी ०३२६ म्हणजे संकेत अपेक्षित मर्यादेत नाही. पी ०३२७ हा संकेत फारच कमी असल्याचा आणि पी ०३२८ तो फारच जास्त असल्याचा कोड आहे. पी ०३२९ अधूनमधून तुटणारा संपर्क दाखवतो. दुसरा सेन्सर असलेल्या इंजिनात पी ०३३० पासून पी ०३३४ पर्यंतचे कोड त्याच अर्थाने येतात. पी ०३२७ आणि पी ०३२८ दिसले, तर माझा पहिला संशय वायर आणि कपलरवर (वायरींच्या जोडावर) असतो, सेन्सरवर नंतर. पी ०३२६ मात्र लबाड आहे. सैल बोल्ट, चुकीचा सेन्सर, इंजिनातला यांत्रिक आवाज आणि खरे नॉकिंग, या सगळ्यांमुळे तो येऊ शकतो.

कोड अजिबात नसताना गाडी मंद वाटत असेल, तर सेन्सर बहुधा आपले काम चोख करीत आहे आणि इंजिनच नॉक करते आहे. अशा वेळी सेन्सर बदलणे म्हणजे ताप मोजणारा थर्मामीटर बदलण्यासारखे आहे.

दुसरी पायरी: इंधन, तेल आणि प्लग

बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन ९१ धरलेला आहे आणि ई-२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, तो ९५ सांगितला जातो. इथेनॉल ऑक्टेन वाढवते, पण ते पाणीही ओढून घेते. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले, तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाशी वेगळे होते आणि वर राहिलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटतो. म्हणून तक्रार नेमकी कोणत्या दिवसापासून सुरू झाली आणि त्याच्या आदल्या दिवशी पेट्रोल कुठे भरले, हा प्रश्न मालकाला पहिल्याच भेटीत विचारावा.

तेलाचेही तसेच. थेट इंधन फवारणीच्या टर्बो इंजिनात १,५०० ते २,५०० आरपीएमवर जास्त भार पडला, की कधीकधी ठिणगीच्याही आधी मिश्रण पेटते आणि एकच मोठा, घणाचा घाव बसल्यासारखा आवाज येतो. तेलातल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटचा याच्याशी संबंध आढळल्यामुळे आधी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन प्लस आणि मग २०२० मध्ये एपीआय एसपी हे दर्जे आणले गेले. डब्यावर यांपैकी दर्जा नसेल आणि गाडीच्या पुस्तिकेत तो मागितलेला असेल, तर आधी तेल बदलावे. हा प्रकार नॉक सेन्सर रोखू शकत नाही, कारण टायमिंग कितीही मागे घेतले तरी मिश्रण ठिणगीची वाटच पाहत नाही. इथे खरा उपाय चालकाच्या पायात आहे. पाचव्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर जमिनीला टेकवू नये, एक गिअर खाली घ्यावा.

प्लग काढून उजेडात नीट पाहावेत. त्यासाठी घरातला साधा भिंगही पुरतो. निरोगी प्लगचे पांढरे पोर्सेलिन फिकट तपकिरी दिसते. नॉकिंग झालेल्या सिलिंडरच्या प्लगवर त्याच पोर्सेलिनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके दिसतात, आणि त्यांत चकचकीत, टाचणीच्या टोकाएवढे ॲल्युमिनियमचे कण चिकटलेले दिसले, तर पिस्टन झिजू लागला आहे असे समजावे. अशा गाडीला त्याच दिवशी घाट दाखवू नये. प्लगचा हीट रेंज (उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता) आणि गॅप (टोकांमधले अंतर) मूळ क्रमांकाशी ताडून पाहावा. इंदूरच्या सियागंज बाजारात «हाही चालतो» म्हणून दिलेला प्लग अनेकदा चालतो, पण टर्बोत तो नॉकही करतो.

तिसरी पायरी: चढावरची नोंद

हा या सगळ्या तपासणीचा गाभा आहे. स्वस्तातले ब्लूटूथ डोंगल आरपीएम, भार, मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब, आत येणाऱ्या हवेचे तापमान, इग्निशन टायमिंग आणि फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती) एवढे दाखवते. प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग नॉकमुळे किती मागे गेले, हा आकडा सर्वसाधारण ओबीडी (गाडीच्या स्वयंतपासणीच्या) यादीत नसतो, त्यामुळे त्या कंपनीचे खास पॅरामीटर वाचणारा स्कॅनर लागतो. तो भाड्याने किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडून एका दुपारपुरता मिळाला, तरी पुरे.

इंजिन पूर्ण तापल्यावर रहदारी कमी असलेला एकसारखा चढ निवडावा, तिसऱ्या गिअरमध्ये सुमारे १,८०० आरपीएमपासून पाऊणभर ॲक्सिलरेटर देऊन ३,५०० पर्यंत न्यावे, आणि हे तीनदा करावे. गाडी एकाने चालवावी आणि नोंदी दुसऱ्याने घ्याव्यात; घाटात चालकाने मोबाइलच्या पडद्याकडे पाहणे हा मूर्खपणा आहे. भर रहदारीत तास-दीड तास अडकल्यानंतर लगेच घेतलेली नोंद वेगळी ठेवावी, कारण तेव्हा आत येणारी हवा आधीच खूप तापलेली असते आणि आकडे फसवतात.

आता आकड्यांचा अर्थ. जोराच्या भारावर क्षणभर दोन-तीन अंश मागे जाणे नेहमीचेच आहे, ते ईसीयूचे रोजचे काम आहे. पाच-सहा अंश किंवा त्याहून जास्त टायमिंग मागे जाऊन तिथेच टिकून राहत असेल, तर खोलात जावे. एकाच सिलिंडरमध्ये ते मागे जात असेल, तर त्या सिलिंडरचा प्लग, इंजेक्टर आणि त्यातला कार्बन तपासावा. सगळ्या सिलिंडरांत सारखे जात असेल, तर कारण सामाईक आहे, म्हणजे इंधन, तापलेली हवा, जादा बूस्ट किंवा कूलंटचे वाढलेले तापमान. लाँग टर्म फ्युएल ट्रिम १० टक्क्यांच्या वर गेला असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. अशा वेळी हवेची गळती, इंधनाचा दाब आणि इंजेक्टर यांकडे वळावे. इंटरकूलरच्या होजला तडा असेल, तर ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि हवा आणखी तापते. त्या जोडावर तेलाचा ओलसर डाग दिसतो.

सर्वांत बोलके लक्षण वेगळेच आहे. गाडी उभी आहे, न्यूट्रलमध्ये आहे, इंजिनावर काही भार नाही, आणि तरीही ठराविक आरपीएमला टायमिंग मागे जाते आहे. असे दिसले, तर तो नॉक जवळजवळ नक्कीच खोटा असतो. एखादे ब्रॅकेट, सैल झालेले हीट शील्ड, झिजलेली टायमिंग चेन किंवा ढिले पडलेले माउंटिंग ब्लॉकला थरथरवते आणि सेन्सर तेही इमानेइतबारे कळवतो.

शंका उरलीच, तर एक सोपा प्रयोग आहे. टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावर पंपावरचे जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे, साठ-सत्तर किलोमीटर चालवावी आणि त्याच चढावर, शक्यतो तशाच उन्हात, पुन्हा नोंद घ्यावी. मागे जाणारे अंश स्पष्टपणे कमी झाले, तर इंजिन खरोखर नॉक करते आहे. आकडे जसेच्या तसे राहिले, तर आवाज यांत्रिक आहे, कारण सैल ब्रॅकेटला पेट्रोलच्या ऑक्टेनशी काही देणेघेणे नसते.

चौथी पायरी: वायर आणि सेन्सर

कोड सर्किटचा असेल, तर आधीची चढावरची सगळी खटपट वगळून सरळ इथे यावे. इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे. सेन्सर बऱ्याच इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला असतो. तिथे हात पोहोचत नसेल, तर मधल्या कपलरपासून सुरुवात करावी. कपलर उघडून आत हिरवट थर, तेल किंवा पाणी आहे का ते पाहावे आणि पिन मागे सरकल्या नाहीत ना हे तपासावे. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आश्रय घेतात आणि वायरचे वरचे आवरण कुरतडतात, त्यामुळे हार्नेस बोटांनी पूर्ण लांबीभर चाचपावा. या वायरीभोवती जाळीचे शील्ड असते. संकेत मिलिव्होल्टांत असल्यामुळे शील्ड तुटले, तर कॉइलच्या ठिणग्यांचा गोंगाट त्यात मिसळतो. शील्ड सामान्यतः ईसीयूच्या बाजूलाच अर्थ केलेले असते. दुरुस्ती करताना ते दुसऱ्या टोकालाही चेसिसला जोडू नये.

मग ईसीयूचा कपलरही काढून दोन्ही टोकांमध्ये प्रत्येक वायरीचा रोध मोजावा. तो एक-दोन ओमच्या आत हवा. दोन वायरी एकमेकींना, शील्डला किंवा चेसिसला कुठेही जोडलेल्या नसाव्यात. मोजताना दुसऱ्या हाताने हार्नेस हळूहळू हलवत राहावे. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचा दोष असाच सापडला. वायर सरळ असताना मीटर शांत होते, आणि ब्रॅकेटकडे ढकलताच आकडा कोसळला.

सेन्सर मोजताना लोक हमखास फसतात. बऱ्याच पिझो सेन्सरांचा रोध एक मेगाओमच्या वर असतो आणि साधा मल्टिमीटर तिथे सर्किट उघडे असल्याचे दाखवतो. याचा अर्थ सेन्सर मेला, असा होत नाही. काही कंपन्या आत समांतर रेझिस्टर बसवतात, त्यामुळे कुठे दोनशे किलोओमच्या आसपास, तर कुठे पाच मेगाओमच्या जवळ आकडा येतो. पुस्तिकेतला आकडा हाच प्रमाण मानावा. प्रोब पिनांवर दाबताना दोन्ही टोकांना बोटे लावू नयेत, कारण मग मीटर आपल्याच अंगाचा रोध मोजते. मी स्वतः एकदा याच चुकीने चांगला सेन्सर टाकून द्यायला निघालो होतो. कपॅसिटन्स मोजणारे मीटर असेल तर अधिक बरे. सपाट, मधून बोल्ट जाणाऱ्या प्रकारच्या अनेक सेन्सरांत ती हजार-बाराशे पिकोफॅरडच्या आसपास सापडते, आणि सिरॅमिकला तडा गेला असेल तर बरीच कमी येते.

सेन्सर जागेवरच ठेवून मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर लावावा आणि ब्लॉकवर, सेन्सरपासून चार बोटे दूर, लहान हातोडीने हलकेच टकटक करावी. आकडा उसळला, तर सेन्सर जिवंत आहे. सेन्सरवरच ठोकू नये. हीच टकटक इंजिन चालू असताना करून टायमिंग मागे जाते का, हे पाहण्याची जुनी पद्धत आहे, पण अलीकडचे अनेक ईसीयू आयडलिंगला नॉककडे लक्षच देत नाहीत. त्यामुळे तेव्हा प्रतिसाद आला नाही, यावरून काही ठरवू नये.

पाचवी पायरी: बसवणे

चांगला सेन्सर चुकीचा बसवला, तर तो वाईट सेन्सरसारखाच वागतो. ब्लॉकवरची बसण्याची जागा गंज, रंग आणि जुने सीलंट काढून धातू दिसेपर्यंत स्वच्छ करावी. मध्ये वॉशर, ग्रीस, सिलिकॉन काहीही घालू नये. स्प्रिंग वॉशर घातल्यावर बोल्ट «पक्का» बसल्यासारखा वाटतो, पण सेन्सर ब्लॉकला पूर्ण टेकत नाही आणि थरथर अर्धीमुर्धीच पोहोचते. एम-८ बोल्टच्या सपाट सेन्सरांसाठी सामान्यतः २० न्यूटन-मीटर टॉर्क दिलेला असतो. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा आणि टॉर्क रेंचनेच आवळावा. सैल असेल तर संकेत कमी येतो, आणि जास्त आवळला तर सिरॅमिकवर ताण येऊन संवेदनशीलता बदलते. बोल्ट मूळचाच किंवा तेवढ्याच लांबीचा असावा. वायर ताणलेली किंवा धातूला टेकलेली राहणार नाही, अशा दिशेला सेन्सरचे तोंड ठेवूनच आवळावे. हातातून फरशीवर पडलेला नवा सेन्सर दुकानदाराने पुसून परत खोक्यात ठेवताना दिसला, तर तो घेऊ नये.

बाजारात एक जुगाडही सांगितला जातो. सेन्सरऐवजी रेझिस्टर जोडून ईसीयूला गप्प करायचे आणि लाइट विझवायचा. जुन्या, बिनटर्बो इंजिनात यावर काही दिवस निघत असतील. टर्बो इंजिनात मात्र पिस्टनला भोक पडेपर्यंत कोणी इशारा देणारेच उरत नाही, म्हणून हे काम करून देणाऱ्या मिस्त्रीकडे पुन्हा जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

काम झाल्यावर कोड पुसावा, ईसीयूला पुन्हा शिकू देण्यासाठी दोन-तीन दिवस गाडी मिश्र वेगाने चालवावी, आणि मग त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमच्या पट्ट्यात पुन्हा तीन नोंदी घेऊन जुन्या नोंदींशेजारी ठेवाव्यात. लाइट विझला एवढ्यावर गाडी परत देऊ नये. आमच्या शेजाऱ्यांनी त्यानंतरच्या सोमवारी ओंकारेश्वराला जाऊन परत येताना भेरूघाटात नोंद घेतली. तिन्ही सिलिंडरांत मिळून जास्तीत जास्त दोन अंश मागे गेलेले होते, आणि वर्कशॉपने काढलेला जुना सेन्सर अजून त्यांच्या डिकीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुस्थितीत पडून आहे.